बरणीतली दालचिनी नेमकी कुठली?

नांदेड जिल्ह्यातल्या किनवटच्या बाजारात मसाल्याच्या दुकानात धणे, दगडफूल, तमालपत्र, खसखस यांच्या रांगेत दालचिनीही असते. जाड, तपकिरी, वरून खरबरीत, थोडे वाकलेले तुकडे. येसराचा मसाला दळायचा असो की बगारा भात टाकायचा असो, पुडीत बांधून मिळते ती हीच. एखाद्या दुकानात याशिवाय एक वेगळी बरणीही दिसते. तिच्यात फिकट रंगाच्या, कागदासारख्या पातळ सालीच्या नाजूक गुंडाळ्या असतात. भाव मात्र कितीतरी पट. विचारलं, तर दुकानदार सांगतो की ही सिलोनची.

दोन्हींचं नाव दालचिनी. मग भावात एवढी तफावत कशाची?

आणखी एक कोडं घरातलं आहे. साखरेचा आजार असलेली बरीच माणसं हल्ली सकाळी उपाशीपोटी दालचिनीचं पाणी घेतात. रात्री पूड टाकून उकळलेलं पाणी सकाळी पाहिलं, तर काहींच्या भांड्याच्या तळाशी बुळबुळीत, चिकट थर साचलेला असतो. भेसळीचा संशय येतो. पण बहुतेक वेळा ती भेसळ नसते. तो त्या सालीचा स्वभावच असतो. दोन्ही कोड्यांची उत्तरं एकाच ठिकाणी सापडतात. दालचिनी या एका नावाखाली निदान चार वेगवेगळ्या झाडांच्या साली विकल्या जातात.

चुलत भावंडं

ही सगळी झाडं सिनॅमोमम या एकाच प्रजातीतली. त्यांपैकी ‘सिनॅमोमम व्हेरम’ हे मूळचं श्रीलंकेचं आणि दक्षिण भारताचं झाड. सिलोन दालचिनी किंवा ‘खरी दालचिनी’ म्हणतात ती याची साल. उरलेली तीन झाडं व्यापारात ‘कॅशिया’ या नावाखाली येतात. आपल्याकडचे व्यापारी आणि सरकारी नियम तिला ‘तज’ म्हणतात. एक चिनी, दुसरी इंडोनेशियाची आणि तिसरी व्हिएतनामची. भारतात मसाल्यात पडणारी बहुतांश दालचिनी ही या देशांतून आयात केलेली तज असते. किनवटच्या पुडीतले जाड तुकडेही तिचेच.

किनवटच्या जंगलात साग, मोह, तेंदू, चारोळी भरपूर. पण दालचिनीच्या या चारांपैकी एकही झाड तिथे रानात मिळायचं नाही. मराठवाड्यात किनवट-माहूरच्या डोंगराळ भागाला त्यातल्या त्यात पाऊस बरा. तरी उन्हाळ्यात पानगळ होणारं हे रान दालचिनीच्या कामाचं नाही. तिला वर्षभर दमट हवा आणि मुबलक पाऊस लागतो. त्यामुळे इथल्या स्वयंपाकघरात ती नेहमीच परगावाहून, नाही तर परदेशातून आली.

तिचे नातेवाईक मात्र इथल्या मसाल्याच्या डब्यात आधीपासूनच ठाण मांडून आहेत. तमालपत्र हे ‘सिनॅमोमम तमाला’ या हिमालयाच्या पायथ्याच्या आणि ईशान्येकडच्या झाडाचं पान. त्यावर देठापासून टोकाकडे जाणाऱ्या तीन ठळक शिरा दिसतात. ती या कुळाची खूण. बाजारात नागकेसर म्हणून मिळणारी काळी, देठासकट वाळलेली बोंडं अनेकदा दालचिनीच्याच जातभाईंची कोवळी फळं असतात. आणि देवापुढे जळणारा कापूर पूर्वी ज्या झाडाच्या लाकडातून काढत, तेही याच कुळातलं.

साल सोलण्याची रीत

दोन दालचिनींमधला पहिला फरक सोलणाऱ्याच्या हातात घडतो.

सिलोन दालचिनीचं झाड उंच वाढू देत नाहीत. दोन-तीन वर्षांचं झालं की ते जमिनीलगत छाटतात, मग बुंध्यातून अनेक सरळ धुमारे फुटतात. या झाडाची कोवळी पालवी लाल असते. ती लाली उतरून पानं हिरवी झाली, की सालीखाली रस खेळू लागतो आणि साल लाकडापासून सहज सुटते. त्या वेळी धुमारे कापतात. आधी वरची खरबरीत, बेचव साल खरवडून टाकतात. मग उरलेल्या आतल्या सालीवर पितळेची कांडी जोर देऊन घासतात, त्याने ती सैल होते. धारदार सुरीने दोन उभे छेद देऊन पातळ पट्टा अलगद काढायचा. असे पट्टे एकात एक खुपसून लांब नळी करतात आणि ती आधी सावलीत वाळवतात. वाळताना पट्ट्याच्या दोन्ही कडा आत वळतात. म्हणून सिलोन दालचिनीची कांडी आडवी मोडून पाहिली, तर आत पापुद्र्यांवर पापुद्रे दिसतात.

हे काम यंत्राला अजून नीट जमलेलं नाही. श्रीलंकेत पिढ्यान्‌पिढ्या सोलणारे कारागीर आहेत आणि कांडीची जाडी जितकी कमी तितकी तिची प्रत वरची. ‘अल्बा’ ही सर्वांत वरची प्रत जेमतेम 6 मिलिमीटर जाडीची असते. भावातला मोठा हिस्सा या हातांच्या कसबाचा आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये युरोपीय संघाने ‘सिलोन दालचिनी’ला भौगोलिक निर्देशांक दिला, श्रीलंकेच्या कुठल्याही मालाला मिळालेला तो पहिला.

तजेचा मामला दांडगा. झाड अधिक वर्षं वाढू देतात, साल जाड होते आणि वरचा खरबरीत थर पुष्कळदा तसाच ठेवतात. वाळल्यावर ती लाकडासारखी कडक होते. तिची एकच गुंडाळी होते किंवा नुसतेच सपाट, वाकडे तुकडे राहतात. मेहनत कमी, माल जास्त. म्हणून भाव कमी.

वास येतो कुठून?

दालचिनीचा ओळखीचा वास मुख्यतः एका तेलकट द्रव्याचा असतो. त्याचं नाव सिनॅमाल्डिहाइड. तजेच्या सुगंधी तेलात तेच बहुतांश भरलेलं असतं, म्हणून तिचा वास एकसुरी पण जोरकस. व्हिएतनामच्या सालीत तर तेलाचं प्रमाणही जास्त. तजेचा तुकडा चघळला की जीभ चुरचुरते, त्याचंही कारण हेच. तोंडातल्या ज्या चेतातंतूंना मोहरीचा झटका जाणवतो, तेच तंतू सिनॅमाल्डिहाइडनेही चाळवतात.

सिलोन दालचिनीत हे द्रव्य थोडं कमी आणि सोबतीला इतर मंडळी जास्त. त्यात लवंगेचं युजेनॉल असतं, फुलांसारख्या वासाची काही द्रव्यं असतात. म्हणून तिचा वास मवाळ, किंचित लवंगी, किंचित लिंबाच्या अंगाचा. पहिल्यांदा हुंगणाऱ्याला ती ‘कमी वासाची’ वाटते. वास कमी नसतो. त्यात अनेक सूर असतात, आणि त्यातला ओळखीचा एक सूर तेवढा हळू असतो.

पातेल्यात काय होतं

सिनॅमाल्डिहाइड पाण्यात जेमतेम विरघळतं, तेला-तुपात मात्र सहज. बगारा भात करताना तेल तापलं की आधी दालचिनी, लवंग, वेलदोडा, शहाजिरं घालतात, कांदा नंतर आणि पाणी सर्वांत शेवटी. नांदेड जिल्हा 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. बगारा आणि त्यासोबतचा दालचा हा त्या काळापासूनचा जिव्हाळा. त्या पद्धतीतला हा क्रम अगदी शास्त्रशुद्ध आहे. तेलात उतरलेला वास भाताच्या प्रत्येक शिताला लागतो. तोच तुकडा थेट आधणात टाकला, तर वासाचा बराच भाग सालीतच राहतो किंवा वाफेबरोबर उडून जातो.

अशा ठिकाणी तजच हवी. मटणाचा रस्सा, दम दिलेली बिर्याणी, दालचा, येसर, काळा मसाला या सगळ्यांत मिरची, कांदा-खोबरं, लवंग, मिरी यांचा जोर एवढा असतो की सिलोन दालचिनीचे नाजूक सूर त्यात बुडून जातात. महागाची कांडी रश्श्यात घालणं म्हणजे पैसे वाया घालवणं. येसराचंच पाहा. भाजलेलं धान्य, डाळी आणि खडा मसाला एकत्र दळून केलेल्या या पिठाची आमटी लग्नाकार्यात मोठमोठ्या पातेल्यांत उकळते. तासभर उकळूनही जिचा वास टिकतो, अशीच साल तिथे कामाची.

सिलोन दालचिनीची जागा वेगळी. दुधाचे पदार्थ, खीर, फळांचे मुरंबे, साधा कोरा चहा. जिथे भोवती दुसरे तिखट गडी नाहीत, तिथे ती खुलते. तिची पूड करायलाही सोपी. हाताने चुरडली तरी भुगा होतो. तज मात्र खलबत्त्यात कुटावी लागते, नाही तर कांडप गिरणीत द्यावी लागते. घरच्या मिक्सरची पाती तिच्यापुढे बोथट होतात.

आता तळाशी साचणाऱ्या त्या चिकट थराविषयी. तजेच्या सालीत स्टार्च असतो आणि म्युसिलेज नावाचा बुळबुळीत पदार्थही बराच असतो. पूड गरम पाण्यात पडली की दोन्ही पाणी पिऊन फुगतात. रात्रभर ठेवलं की खाली गोळा होतात. सिलोन दालचिनीत त्यांचं प्रमाण कमी. म्हणजे चिकट थर दिसला, तर पूड बहुधा तजेची आहे एवढंच समजावं. रश्श्यात हाच गुण थोडा दाटपणा देतो, तिथे त्याची तक्रार कुणी करत नाही.

चौकट : हातात घेऊन ओळखा

*जाडी :* सिलोनची साल कागदासारखी पातळ. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाची घरगुती कसोटी अशी, की ती पेन्सिलभोवती गुंडाळता येईल इतकी पातळ असते. तज जाड, तिच्या खरबरीत पाठीच्या आणि गुळगुळीत पोटाच्या मध्ये अनेक थर दिसतात.

*मोड :* सिलोन चुरा होऊन मोडते. तज खट्‌कन तुटते किंवा तुटतच नाही.

*रंग :* सिलोन फिकट, पिवळसर तपकिरी. तज गडद, लालसर.

*चव :* सिलोन गोडसर आणि मवाळ. तज चुरचुरणारी, शेवटी थोडी तुरट.

*पूड :* नुसत्या डोळ्यांनी खात्रीने ओळखता येत नाही. म्हणून कांडीच घ्यावी.

कुमारिन नावाची गोष्ट

इथवर फरक चवीचा होता. तब्येतीचा फरक आणखी एका द्रव्यामुळे पडतो. त्याचं नाव कुमारिन. ताज्या कापलेल्या गवताच्या वासात, टोन्का नावाच्या दक्षिण अमेरिकेतल्या बीमध्ये आणि तजेच्या सालीत ते असतं. सिलोन दालचिनीत ते इतकं थोडं असतं, की हिशेबात धरायचं कारण नाही. वास गोड म्हणून ते एके काळी मिठाईत मुद्दाम घालत. पण उंदरांवरच्या प्रयोगांत त्याने यकृताला इजा होते असं दिसलं आणि अमेरिकेने 1954 मध्ये खाद्यपदार्थांत ते वेगळं घालायला बंदी केली.

माणसाचं यकृत उंदरासारखं वागत नाही, ही दिलाशाची बाब. बहुतेक माणसांच्या शरीरात एक विशिष्ट एन्झाइम कुमारिनचं निरुपद्रवी पदार्थात रूपांतर करतं आणि ते लघवीवाटे निघून जातं. काही थोड्या लोकांत मात्र हे एन्झाइम जन्मतः मंद असतं. शेतात मोठा चर मोकळा असेल, तर पावसाचं पाणी निमूट ओढ्याला लागतं. चर बुजलेला असेल, तर तेच पाणी बांध फोडून उभ्या पिकात घुसतं. तसंच इथे होतं. नेहमीची वाट अडली, की कुमारिन दुसऱ्या वाटेने मोडतं आणि त्या वाटेवर तयार होणारे पदार्थ यकृताच्या पेशींना त्रास देतात. अशा लोकांत मोठ्या मात्रेने यकृताची तपासणी बिघडते. सेवन थांबवलं की बहुतेकांची ती पूर्ववत होते. आपला चर मोकळा आहे की बुजलेला, हे बाहेरून दिसत नाही, हीच खरी अडचण.

म्हणून युरोपच्या शास्त्रज्ञांनी मर्यादा सर्वांसाठी जपून ठरवली : शरीराच्या दर किलो वजनामागे रोज 0.1 मिलिग्रॅम. म्हणजे 60 किलोच्या माणसाला 6 मिलिग्रॅम. जर्मनीत नाताळात दालचिनीची बिस्किटं मुलं मुठी भरभरून खातात. 2006 मध्ये तिथल्या सरकारी जोखीम मूल्यांकन संस्थेने त्यावरून सावधगिरीचा इशारा दिला आणि सगळ्यांना सिलोन व तज यांतला फरक कळू लागला. या संस्थेच्या हिशेबाप्रमाणे तजेच्या एका ग्रॅममध्ये सरासरी 3 मिलिग्रॅम कुमारिन असतं, म्हणून 60 किलोच्या माणसाने रोज 2 ग्रॅमपेक्षा जास्त तज खाऊ नये. 15 किलोच्या मुलाने अर्धा ग्रॅम. सरासरी आणि प्रत्यक्ष नमुना यांत मोठा फरक पडतो. एकाच झाडाच्या सालीतही ते सगळीकडे सारखं नसतं.

आता हा हिशेब मराठवाड्याच्या ताटाला लावून पाहू. समजा, किलोभर काळ्या मसाल्यात 25 ग्रॅम तज पडली. त्यातला चमचाभर, म्हणजे साधारण 3 ग्रॅम मसाला एका माणसाच्या पोटात गेला, तर तज जाते 0.075 ग्रॅम आणि कुमारिन जेमतेम 0.2 मिलिग्रॅम. सहाच्या मर्यादेपुढे हे काहीच नाही. बगाऱ्यातली साल तर ताटाच्या कडेला काढूनच ठेवतात. तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या स्वयंपाकाला घाबरायचं काहीही कारण नाही.

भरगच्च चहाचा चमचा तजेची पूड मात्र अडीच ग्रॅमच्या आसपास भरते. ती कुणी रोज मधातून चाटली किंवा पाण्यातून गाळासकट प्यायली, तर मर्यादा ओलांडली. धोका मसाल्यात नाही. मसाला चिमटीतून चमच्यात आला आणि अधूनमधूनचा रोजचा झाला, की हिशेब बदलतो. वजन कमी असलेल्या वृद्धांच्या आणि मुलांच्या बाबतीत तो आणखी लवकर बदलतो.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. रक्त पातळ करणारं ‘वॉरफरिन’ हे औषध कुमारिनच्याच रासायनिक घराण्यातलं आहे, म्हणून दालचिनीने रक्त पातळ होतं असं सांगतात. साधं कुमारिन रक्त पातळ करत नाही. तरीही वॉरफरिन घेणाऱ्यांनी, यकृताचा आजार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी दालचिनीचे औषधी डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

साखर उतरते का?

या चमचाभर पुडीची लाट आली ती मुख्यतः एका अभ्यासामुळे. पाकिस्तानातल्या टाइप-2 मधुमेहाच्या 60 रुग्णांना 40 दिवस दालचिनी किंवा नुसतीच पोकळ गोळी दिली. दालचिनी घेतलेल्यांची उपाशीपोटीची साखर 18 ते 29 टक्क्यांनी उतरली. हा अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला.

पुढचे अभ्यास एवढे उत्साहवर्धक नव्हते. काहींत साखर उतरली, काहींत नाही. 2012 मध्ये कॉक्रेन या नामवंत संस्थेने 10 चाचण्या आणि 577 रुग्णांची माहिती एकत्र तपासली आणि मधुमेहासाठी दालचिनीची शिफारस करण्याइतका पुरावा नाही असं म्हटलं. वर्षभराने झालेल्या दुसऱ्या एका आढाव्यात उपाशीपोटीची साखर कमी झालेली दिसली, पण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या एचबीएवनसी तपासणीत ठोस फरक नव्हता. गुंतागुंत टाळण्याच्या दृष्टीने महत्त्वाची तपासणी तीच.

यात एक पेच आहे. 2003 च्या त्या गाजलेल्या अभ्यासात वापरलेली दालचिनी तज होती, सिलोन नव्हे. नंतरच्याही बहुतेक चाचण्यांत तजच होती. म्हणजे ज्या सालीवर साखरेचा थोडाफार परिणाम तपासला गेला, तिच्यातच कुमारिन. आणि जी रोज घ्यायला सुरक्षित, तिच्यावरचे अभ्यास कमी. म्हणून ‘महागाची सिलोन घ्या, साखर उतरेल’ हे विधान आज तरी पुराव्याने उभं राहत नाही. दालचिनीच्या भरवशावर गोळ्या बंद करणाऱ्याचं होणारं नुकसान तर कुमारिनपेक्षा मोठं. गोळ्यांसोबत मोठा डोस घेतला, तर साखर नको तितकी खाली जाण्याची शक्यताही धरून चालावी लागते.

आयुर्वेदात दालचिनी ‘त्वक्’ या नावाने येते, पण तिथेही ती ढिगाने येत नाही. खोकल्याच्या सितोपलादी चूर्णात खडीसाखर 16 भाग, वंशलोचन 8, पिंपळी 4, वेलदोडा 2 आणि दालचिनी अवघा 1 भाग असते. एकतीस भागांतला एक.

पूड नको, कांडी घ्या

2023 च्या शरद ऋतूत अमेरिकेत लहान मुलांसाठीच्या सफरचंदाच्या गराच्या पाकिटांतून शेकडो मुलांच्या रक्तात शिसं गेलं. शिसं आलं होतं पाकिटात घातलेल्या दालचिनीच्या पुडीतून. तिच्यावर इक्वेडोरमध्ये प्रक्रिया झाली होती. त्यात शिशासोबत क्रोमियमही सापडलं, त्यामुळे पूड उठावदार दिसावी म्हणून रंगद्रव्य मिसळलं असावं असा तपास यंत्रणांचा संशय होता. लहान मुलांच्या मेंदूला शिसं थोडंसुद्धा घातक. अखंड सालीत असा रंग मिसळणं अवघड, पुडीत सोपं. शिवाय पूड केली की सुगंधी तेल हवेत उडू लागतं आणि काही महिन्यांत बरणीत नुसता भुसा उरतो. घट्ट झाकणाच्या बरणीत, चुलीच्या धगीपासून दूर ठेवलेली कांडी मात्र कितीतरी जास्त काळ टिकते.

आपल्याच राज्यातली सिलोन

सिलोन दालचिनी म्हणून जी मागितली जाते, ती महाराष्ट्रातही पिकते. कोकणातल्या नारळी-सुपारीच्या बागांत झाडांच्या सावलीत दालचिनी वाढते. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण तेज’ हे वाण दिलं आहे. विद्यापीठाच्या रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने ‘लाखी बाग’ म्हणून नारळात जायफळ, काळी मिरी, दालचिनी ही आंतरपिकं घेण्याची पद्धत रुजवली. ही झाडं ‘सिनॅमोमम व्हेरम’चीच, म्हणजे खऱ्या दालचिनीची. पानांनाही वास असतो आणि कोकणात ती मसाल्यात, भातात वापरतात. अडचण आहे ती सोलणाऱ्या हातांची. साल एकसारखी पातळ काढून तिची नळी वळणारी माणसं थोडी, म्हणून हा माल दूरच्या बाजारात कमी पोहोचतो.

देशाच्या अन्नसुरक्षा नियमांत 2011 पासून दालचिनी आणि तज यांची मानकं वेगवेगळी आहेत. बंद पाकिटावर तजेला दालचिनी म्हणणं या नियमांत बसत नाही. सुट्या मालाच्या पुडीवर मात्र काहीच छापलेलं नसतं. म्हणून किनवटच्या गिऱ्हाइकाने दुकानात दोन गोष्टी वेगवेगळ्या मागाव्यात : येसराला आणि बगाऱ्याला जाड तज, आणि रोजच्या चहात दालचिनी घालायचीच असेल, तर पेन्सिलभोवती वळेल अशी पातळ सालीची कांडी. दुसरीची बोटभर कांडी दोन-तीन वेळा उकळता येते, त्यामुळे तिचा महाग भाव महिन्याच्या खर्चात फारसा जाणवत नाही.